रेलगनच्या गोळ्याला सेफ्टी कशी असते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तोफेच्या गोळ्याचा फ्यूज, म्हणजे स्फोटक योग्य वेळी उडवणारा भाग, नळीतला धक्का आणि गोळ्याचं फिरणं ओळखून जागा होतो. रेलगन म्हणजे दोन रुळांतून प्रचंड वीज सोडून गोळा फेकणारी तोफ. तिच्यात दारू नाही, गोळा फिरतही नाही. मग सेफ्टी कशावर चालते? आणि कॉलेजच्या छोट्या कॉइलगनला (तारेच्या वेटोळ्यातल्या चुंबकाने गोळी फेकणाऱ्या यंत्राला) असं काही बसवावं का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो: बसवू नका. तुमच्या गोळीत स्फोटक नाही, तर फ्यूज कशाला? तुमचा खरा धोका कपॅसिटरमध्ये आहे, त्याबद्दल खाली लिहितो.

मी लष्करात दारूगोळा तपासण्याच्या कामात होतो. आता खानापुरात असतो आणि उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपला तपासणीत अधूनमधून मदत करतो. रेलगन मी हाताळलेली नाही, पण फ्यूजचे भाग पुष्कळ बघितलेत.

साध्या फ्यूजमध्ये डेटोनेटर, म्हणजे मुख्य स्फोटक पेटवणारी छोटी स्फोटक कुपी, मुद्दाम आडवा ठेवलेला असतो. चुकून उडाला तरी आग मुख्य स्फोटकापर्यंत पोचू नये म्हणून. तो सरळ रेषेत यायला दोन कुलुपं उघडावी लागतात, आणि ती दोन वेगवेगळ्या कारणांनी उघडली पाहिजेत. १५५ मिमी तोफेत पहिलं कुलूप नळीतल्या धक्क्याने सुटतं. दुसरं सुटतं गोळ्याच्या फिरण्याने, कारण तोंडाशी तो सेकंदाला २५० फेऱ्यांच्या आसपास फिरत असतो.

आता गंमत बघा. गोळा १२ मीटरवरून पोलादी पत्र्यावर पडला आणि १ मिलिमीटरमध्ये थांबला, तर त्याला १२,००० जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १२,००० पट, दणका बसतो. तोफेच्या ६ मीटर नळीत ८०० मीटर प्रति सेकंदाचा वेग गाठताना सरासरी धक्का याच्या निम्माही नसतो. म्हणजे नुसता धक्का किती मोठा हे बघणारा फ्यूज पडल्यावरच फसेल. फरक आहे तो वेळेचा. पडण्याचा दणका मिलिसेकंदाच्या आठव्या भागात संपतो, तोफेचा रेटा १५ मिलिसेकंद टिकतो. गोवा रस्त्यावरच्या खड्ड्यात एसटी आदळली तर माणूस सीटवरून उडतो, पण त्या दणक्याने बस काही वेगात पुढे जात नाही, तसंच हे. म्हणून काही फ्यूजमध्ये पिनेची खाच नागमोडी असते. छोट्या दणक्याने पिन एका वळणापर्यंत जाते आणि स्प्रिंग तिला परत आणते, टिकून राहणाऱ्या रेट्यानेच ती शेवटपर्यंत पोचते. अशी खाच कापून द्यायला आमच्याकडे कारागीर मिळतील, पण कडेला जराशी बर (कापताना उरलेली धातूची कुसळ) राहिली की पिन मध्येच अडकते आणि सगळा लॉट बाद.

रेलगनमध्ये धक्क्याची वानवा नाही. १० मीटर नळीत २५०० मीटर प्रति सेकंद गाठायचा तर सरासरी ३२,००० जी लागतात, तेही ८ मिलिसेकंद. अमेरिकी नौदलाने आपल्या डाल्ग्रेनच्या चाचणी केंद्रात २०१० मध्ये ३३ मेगाजूलचा मारा केला तो याच जातीच्या यंत्राने. २०२१ मध्ये त्यांनी काम थांबवलं, तर जपानने २०२३ मध्ये जहाजावरून चाचणी घेतली. आपल्याकडे पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत यावर काम झालंय. यातले बरेच गोळे निव्वळ वेगाच्या जोरावर मारा करणारे, पोटात स्फोटक नसलेले. त्यांना फ्यूजची गरजच नसते. स्फोटक भरायचं ठरलं की खरी अडचण सुरू होते.

रुळांतून दहा लाख अँपिअर आणि त्याहून जास्त प्रवाह जातो. नळीत अनेक टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. दवाखान्यातलं एमआरआय साधारण १.५ किंवा ३ टेस्लाचं असतं. या क्षेत्रात पोलादी स्प्रिंग खेचली जाते. अॅल्युमिनियमची फिरती चकती एडी करंटमुळे (क्षेत्रामुळे धातूत आपोआप फिरणाऱ्या प्रवाहामुळे) ब्रेक लागल्यासारखी अडते. डेटोनेटरच्या तारांचं वेटोळं मोकळं असलं तर त्यात आपोआप प्रवाह निर्माण होतो. पातळ पत्र्याचं आवरण मिलिसेकंदांच्या स्पंदाला फारसं रोखत नाही. त्यामुळे फ्यूज आर्मेचरपासून (एका रुळातून दुसऱ्यात प्रवाह नेणाऱ्या, गोळ्याला ढकलणाऱ्या भागापासून) लांब, नाकाकडे ठेवायचा, तारा पिळलेल्या आणि शेवटपर्यंत शॉर्ट केलेल्या, भाग बिनचुंबकीय.

फिरणं नाही, मग दुसरं कुलूप कशाने उघडायचं? एक मार्ग असा की हे चुंबकीय क्षेत्रच खूण म्हणून वापरायचं, कारण गोदामात किंवा ट्रकमध्ये एवढं क्षेत्र सापडत नाही. कल्पना चतुर आहे, पण मला ती पूर्ण पटत नाही. धक्का आणि क्षेत्र दोन्ही एकाच प्रवाहातून येतात. प्रवाह मध्येच तुटला आणि गोळा नळीतून रखडत बाहेर पडला, तर दोन्ही कुलुपं एकाच चुकीने सुटू शकतात. मी दुसऱ्या कुलपासाठी नळीबाहेरची गोष्ट निवडेन: गोळ्याभोवतीचा सॅबो (नळीत गोळा घट्ट बसवणारं, बाहेर पडताच गळून जाणारं आवरण) सुटणं, किंवा हवेच्या विरोधाने वेग कमी होत जाणं. तिथे नळीतला प्रवाह काही करू शकत नाही. शिवाय फ्यूज आर्म व्हायला, म्हणजे उडण्यासाठी तयार व्हायला, ठरावीक अंतराचा विलंब हवाच, म्हणजे तोफेजवळच्या माणसांना धोका राहत नाही.

आता तुमचं प्रोजेक्ट. ४५० व्होल्ट, १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर भरला की त्यात सुमारे १०० जूल असतात. एवढ्याने जीव जाऊ शकतो. प्रत्येकावर १०० किलोओहमचा रेझिस्टर कायमचा जोडा. त्यात २ वॅट उष्णता होते, म्हणून ५ वॅटचा घ्या. तरीही पूर्ण उतरायला आठेक मिनिटं लागतात, तेवढं थांबा आणि मग मीटरने बघा. बटण दाबणारा एकच असावा आणि चार्जिंगची किल्ली त्याच्याच खिशात. बेळगावात प्रदर्शनाच्या दिवशी हमखास लाईट जाते, तेव्हा प्लग निघाला म्हणून कुणी आत हात घालेल, त्याला अडवा. मोठे कपॅसिटर एकदा शॉर्ट करून सोडले तरी थोड्या वेळाने त्यांत पुन्हा व्होल्टेज चढतं, त्यामुळे घरी नेताना टर्मिनल जाड तारेने जोडलेलीच ठेवा.