बेळगावातील आमच्या महाविद्यालयाचा रोबोटिक्स संघ शेवटच्या वर्षाची मुले गेली की दरवर्षी कोलमडतो. त्याची पुनर्रचना कशी करावी?

संघाची विभागणी वर्षांनुसार न करता यांत्रिक रचना, इलेक्ट्रॉनिक्स, प्रोग्रॅमिंग आणि साहित्य-हिशेब अशी कामांनुसार करावी, प्रत्येक विभाग तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे सोपवावा आणि त्याच्या हाताखाली दुसऱ्या वर्षाचा एक जण पहिल्या दिवसापासून तयार करावा. शेवटच्या वर्षाच्या मुलांमागे प्रकल्प आणि नोकरीच्या मुलाखती असतात, त्यामुळे त्यांनी सल्लागार राहणेच इष्ट. अशा संघांना मार्गदर्शन करताना मला वारंवार दिसते ते असे, की रोबो मागे राहतो, पण तो तसा का बनवला ही माहिती बनवणाऱ्याबरोबर निघून जाते. मोटर ड्रायव्हरमधून, म्हणजे मोटर चालवणाऱ्या सर्किटमधून, निघालेल्या एकसारख्या लाल वायरींपैकी कोणती कुठे जाते, हे नव्या मुलाला कळायला मार्गच नसतो. म्हणून प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना क्रमांक लावावा, प्रोग्रॅम एकाच्या लॅपटॉपवर न ठेवता गिटवर, म्हणजे प्रोग्रॅममधील प्रत्येक बदलाची नोंद जपणाऱ्या प्रणालीवर, ठेवावा आणि उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या वर्कशॉपमधून शाफ्ट किंवा गिअर करून घेतल्यास त्याचे मापांसह ड्रॉइंग जपावे. लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या सुट्टीपूर्वी प्रत्येक सेलला सुमारे ३.८ व्होल्टवर आणून ठेवण्याची जबाबदारीही एकाच्या नावावर असावी. आपल्याकडे मराठी आणि कन्नड बोलणारी मुले एकत्र असतात. चर्चा कोणत्याही भाषेत होवो, नोंदी मात्र सर्वांना वाचता येतील अशा सोप्या इंग्रजीत ठेवाव्यात. संघात आठ-दहाच विद्यार्थी असतील, तर चार विभाग पेलणार नाहीत. तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रॅमिंग एकत्र करावे, पण साहित्य-हिशेब स्वतंत्रच ठेवावा.