डोक्यातून फुटलेले पाय

प्रिय पोरी,

तुझा तो लांबलचक मेसेज रात्रीच वाचला, पण अंगठ्याने टाइप करत बसले असते तर निम्मं राहून गेलं असतं म्हणून आता सकाळी निवांत लिहितेय. नर्सरीत शिकवायला येऊन दीड महिना झाला, मुलं नुसती खेळतायत, पालक न्यायला येतात आणि "आज काय शिकवलं" विचारतात तेव्हा कुठे बघू असं होतं, वर तीन मुलांच्या माइलस्टोन चार्टमधले, म्हणजे कुठल्या वयात काय यायला हवं त्या तक्त्यातले, रकाने रिकामेच आहेत. एवढंच ना? मला वाटलं काय आभाळ कोसळलंय.

आधी माझा एक पराक्रम ऐक. नोकरीचं दुसरं वर्ष होतं, म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं ते वय. साडेतीन वर्षांचा एक मुलगा कागद घेऊन आला. मोठा गोल, त्यात दोन डोळे, एक आडवी रेघ, आणि गोलातूनच खाली दोन लांब काड्या. "हा बाबा" म्हणाला. मी म्हटलं अरे पोट कुठंय बाबाचं, आणि त्याच्याच हातातला खडू घेऊन मी छान पोट काढून दिलं, हात काढले, बोटंसुद्धा काढली. तो बघत होता. मग त्याने कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "हा तुझा बाबा." आणि गेला निघून. मी हसले तेव्हा, इतरांना किस्सा म्हणून सांगितलासुद्धा, पण पुढे कितीतरी आठवडे तो कागद आणून माझ्यापुढे ठेवायचा आणि म्हणायचा, तूच काढ.

तीन-चार वर्षांची पुष्कळ मुलं माणूस असाच काढतात, डोकं आणि त्यालाच पाय, बेडकाच्या पिल्लासारखा. पोट माहीत नसतं असं अजिबात नाही, विचारलंस तर शर्ट वर करून दाखवतील. चित्रातल्या माणसाची बेंबी कुठंय असं विचारलं तर काही मुलं त्या दोन काड्यांच्या मधली मोकळी जागा दाखवतात. म्हणजे त्यांच्या हिशेबाने पोट तिथे आहेच, फक्त त्याला रेघ नाहीये. आणि मी शहाणी ते भरायला गेले.

तेव्हापासून मला मुलांच्या चुकांचा नादच लागला म्हण. तुझ्या वर्गात ती "मी करलं" म्हणणारी आहे ना, जिची आई म्हणते आधी "केलं" बरोबर म्हणायची आता बिघडली? अगं तिच्या घरात "करलं" म्हणतंय कोण? कुणीच नाही! ते तिने स्वतः बनवलंय. बसलं, पडलं, धरलं, मग करलं. आधीचं "केलं" नुसतं ऐकून म्हटलेलं होतं, आता तिला नियम सापडलाय आणि ती तो सगळीकडे लावत सुटलीय. "आलो"च्या जागी "येलो" पण ऐकशील बघ. तू फक्त "हो का, तू केलंस? बघू बघू" एवढं म्हण आणि पुढे चल. थांबवून दहा वेळा म्हणून घेऊ नकोस, ती बोलायचीच बंद होईल.

पियाजे, मुलं विचार कसा करतात ते शोधणारा मानसशास्त्रज्ञ, तू कॉलेजात पाठ केलाच असशील, त्याचे वाढीचे टप्पे वगैरे. पण त्याची सुरुवात कशी झाली ते बहुतेक सांगत नाहीत. १९२० च्या आसपास तो पॅरिसमध्ये मुलांच्या चाचण्यांवर काम करत होता, काम असं की बरोबर उत्तरं मोजायची. आणि याचं लक्ष गेलं चुकीच्या उत्तरांकडे, की एका वयाची मुलं साधारण एकसारखंच चुकतायत, म्हणजे त्यामागे काहीतरी विचार आहे. बाकी सगळं पुढचं त्यातून आलं. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी, मग एकातलं उंच अरुंद ग्लासात ओतायचं, हे तू स्वतः करून बघ चार-साडेचार वर्षांच्या मुलासोबत. त्याच्या डोळ्यादेखत ओत. तो म्हणणार उंच ग्लासात जास्त. परत पहिल्या ग्लासात ओत, तो म्हणणार आता सारखं. परत उंचात, परत जास्त! आणि चेहऱ्यावर जराही गोंधळ नाही, गोंधळ तुझ्याच चेहऱ्यावर असेल. समजावत बसू नकोस, उपयोग नाही. सातेक वर्षांचा झाला की हेच पोर "वेडी आहे का ही" अशा नजरेने बघेल तुझ्याकडे.

आता "नुसती खेळतात" बद्दल. नुकतं चालायला लागलेलं मूल बघितलंयस ना कधी नीट? एका अभ्यासात १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची मोकळ्या खेळातली पावलं मोजली होती, २०१२ साली आला तो, तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. सतरा वेळा! आपण एकदा पडलो तर आठवडाभर सांगत फिरतो. आणि ते कुठेही पोचायला चाललेलं नसतं, चार पावलं, थांब, वळ, बस, परत उठ, मध्येच हसणार. त्याला कुणी शाबासकीचा स्टार देत नाही. मजा येते म्हणून ते चालतं आणि चालून चालून चालता येतं, मग यातलं खेळ कुठला आणि शिकणं कुठलं हे मला तरी वेगळं करून दाखवता येणार नाही.

तुझ्या त्या तीन रकान्यांचं बघू. "मित्रांसोबत खेळते" हा जिचा रिकामा आहे, ती काय करते म्हणालीस, कोपऱ्यात उभी राहून बाकीच्यांना बघते आणि मग स्वतःचे ठोकळे घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसते पण बोलत नाही. अगं मग रिकामा कसा? मिल्ड्रेड पार्टेन नावाच्या बाईने १९३२ सालीच लिहून ठेवलंय, लहान मुलं आधी नुसती बघतात, मग शेजारी शेजारी आपापलं खेळतात, मग देवाणघेवाण, आणि सगळ्यांनी मिळून एक खेळ हे नंतर. शेजारी जाऊन बसते म्हणजे गेलीय ती अर्ध्यावर. तिला हात धरून "चला सगळ्यांशी मैत्री करा" करू नकोस प्लीज.

दुसरा तो एकटाच मोठ्याने बडबडत काम करतो, "हे इथे, नाही नाही, आता मोठा", त्यात काळजीचं काय आहे? वायगॉट्स्की नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की हीच बडबड पुढे आत जाते आणि तिचाच विचार होतो. त्याला "तोंड बंद ठेवून कर" म्हणणं म्हणजे त्याला विचार करू नको म्हणण्यासारखं आहे.

तिसऱ्याचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. चार्टमधल्या तारखा मुळात सैल असतात, जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतली मुलं बघून २००६ मध्ये छापलं त्यात एकट्याने चालणं ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत कधीही, आणि चार टक्क्यांच्या आसपास मुलं हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट पुढे गेली. म्हणून उशीर दिसला की घाबरायचं नाही. पण तू लिहिलंस की हा आधी शब्द बोलायचा आणि आता बोलत नाही, हाक मारली तरी वळत नाही. आलेली गोष्ट गेली की वाट बघायची नसते. पालकांना या आठवड्यातच भेट, आजार-बिजाराचं नाव स्वतः घेऊ नकोस, तो आपला प्रांत नाही, फक्त काय दिसलं ते सांग आणि कान तपासून घ्या, बालरोगतज्ज्ञांना दाखवा म्हण. "मुलगे उशिराच बोलतात" म्हणणारे चार जण भेटतील त्यांना, तू त्यातली होऊ नकोस.

आणि हो, लिहायला कधी शिकवणार विचारणाऱ्या पालकांना मनगट दाखव. मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्मतः ती सगळी कूर्चाच असते, एकेक करून हाड बनतं, शेवटचं तर ८ ते १२ वर्षांच्या दरम्यान. म्हणून माती मळणं, कागद फाडणं, झाकण लावणं-काढणं, हे सगळं लिहिण्याच्या आधीचंच काम आहे. हे ऐकून काही जण गप्प होतात, काही तरीही पेन्सिल मागतात, चालायचंच.

उद्या एक कर. चार्ट कपाटात ठेव, दहा मिनिटं जमिनीवर बस आणि एकाच मुलाने काय केलं ते वहीत लिही. हट्टी, हुशार, लाजरी असले शब्द नकोत, फक्त केलेलं. "बाटलीचं झाकण उलटं लावलं, काढलं, चाटलं, परत उलटं लावलं, माझ्याकडे बघून हसली." असं. तेच संध्याकाळी तिच्या आईला वाचून दाखव, "आज काय शिकवलं"ला याहून चांगलं उत्तर मला तीस वर्षांत सापडलेलं नाही. आणि मलाही फोटो पाठव वहीचा.

तो बाबाचा कागद आहे अजून माझ्याकडे, परवा कपाट आवरताना निघाला. मी काढलेलं पोट खरंच फार वाईट आहे गं.

तुझी,
ताई