जनेट रँकिन : दोन 'नाही'पलीकडचं काम

अमेरिकेच्या संसदेत निवडून आलेली पहिली स्त्री म्हणजे जनेट रँकिन. दोन्ही महायुद्धांच्या विरोधात मत देण्यापलीकडे त्यांनी काही केलं का, असं तुम्ही विचारलंय. केलं, आणि बरंच केलं. माझ्या मते त्यांचा खरा कस १९१७ ते १९१९ या पहिल्या कारकिर्दीत लागला, आणि नेमकी तीच वर्षं लोक घाईने उरकतात.

जन्म १८८० चा, माँटानातल्या मिझूलाजवळ. माँटानात बायकांना १९१४ मध्ये मताधिकार मिळाला, त्यासाठी त्या राज्यभर फिरल्या होत्या. दोन वर्षांनी रिपब्लिकन पक्षातर्फे उभ्या राहिल्या. तेव्हा राज्यात मतदारसंघ पाडलेले नव्हते. प्रत्येक मतदाराने दोन प्रतिनिधी निवडायचे. त्यामुळे एरवी डेमोक्रॅट पक्षाचा असलेला माणूसही आपलं एक मत त्यांना देऊ शकत होता. वकील भाऊ वेलिंग्टन याने प्रचाराचा खर्च आणि व्यवस्था दोन्ही उचललं.

२ एप्रिल १९१७ ला शपथ झाली आणि त्याच संध्याकाळी अध्यक्ष विल्सन यांनी जर्मनीविरुद्ध युद्धाची मागणी केली. ६ एप्रिलच्या पहाटे मतदान सुरू झालं. पहिल्यांदा नाव पुकारलं तेव्हा त्या गप्प राहिल्या. दुसऱ्यांदा पुकारल्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "मला माझ्या देशाच्या पाठीशी उभं राहायचं आहे, पण मी युद्धासाठी मत देऊ शकत नाही." मत देताना भाष्य करायचं नाही हा सभागृहाचा जुना शिरस्ता, तोही मोडला. ठराव ३७३ विरुद्ध ५० मतांनी मंजूर झाला. विरोधात ४९ पुरुषही होते, पण टीकेचा भडिमार झाला तो रँकिन यांच्यावर. मताधिकार चळवळीतल्या काही नेत्यांनाही वाटलं की बाईंनी चळवळीचं नुकसान केलं.

यानंतरचं काम मला जास्त मोलाचं वाटतं. सरकारी नोटा छापणाऱ्या वॉशिंग्टनच्या छापखान्यात बायकांना बारा-बारा तास, कधी त्याहूनही जास्त राबवलं जात होतं. रँकिन यांनी स्वतः लक्ष घालून चौकशी करवली, आणि आठ तासांचा दिवस तिथे पुन्हा लागू झाला. जून १९१७ मध्ये माँटानातल्या ब्यूट शहरातल्या तांब्याच्या खाणीत आग लागून दीडशेहून जास्त कामगार गेले आणि संप पेटला. तांब्याच्या खाणी चालवणाऱ्या अ‍ॅनाकोंडा कंपनीचा माँटानातल्या राजकारणावर आणि वर्तमानपत्रांवर जबरदस्त पगडा होता. तरी या उघडपणे कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या. स्वतःच्याच राज्यात हे करायला छाती लागते.

१० जानेवारी १९१८ ला स्त्री-मताधिकाराच्या घटनादुरुस्तीवरची चर्चा त्यांनीच सुरू केली. जगात लोकशाही टिकावी म्हणून युद्ध पुकारणारी हीच संसद आपल्या बायकांना लोकशाहीचा एवढासा वाटा नाकारते, हे लोकांना कसं समजवायचं, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. प्रतिनिधीगृहात ठराव २७४–१३६ असा मंजूर झाला, सिनेटमध्ये मात्र अडला. माता-बालकांच्या आरोग्यासाठीचं त्यांचं विधेयकही तेव्हा मागे पडलं, पण १९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्याचा पाया तेच.

एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती बऱ्याचदा चुकीची लिहिली जाते. डिसेंबर १९१७ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्धच्या युद्धाला रँकिन यांनी होकाराचं मत दिलं होतं. एकदा सुरू झालेल्या युद्धातली ही तांत्रिक बाब आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटत नाही, पण त्यांना पुतळा करून ठेवायचं नसेल तर हेही सांगितलंच पाहिजे.

पुढे राज्याचे दोन मतदारसंघ पाडले गेले आणि यांच्या वाट्याला डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला आला. म्हणून १९१८ मध्ये त्या सिनेटकडे वळल्या आणि हरल्या. १९४० मध्ये पुन्हा निवडून आल्या. जपानविरुद्धच्या युद्धावरचं ८ डिसेंबर १९४१ चं ३८८ विरुद्ध १ हे मतदान तुम्हाला ठाऊकच आहे. त्यातला तो 'एक' म्हणजे त्या. संसदेतून बाहेर पडल्यावर १९४६ ते १९७१ या काळात गांधीविचाराच्या ओढीने त्या सात वेळा भारतात आल्या.

मुळातून वाचायचं असेल तर १९१८ च्या त्या भाषणापासून सुरुवात करा. सभागृहाच्या छापील कामकाजात ते आहे.