व्याजदर वाढले की शेअर्सचे भाव का पडतात? सावध गुंतवणूकदाराने काय करावं?
शेअरची किंमत म्हणजे कंपनी पुढे जे कमावेल त्याचं आजचं मोल. दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचं मोल ५ टक्के दराने आज साधारण ६१ भरतं (आज ६१ त्या व्याजाने ठेवले तर दहा वर्षांत १०० होतात), ८ टक्क्यांनी जेमतेम ४६. वर्षभरातच मिळणार असतील तर ९५ चे ९३, एवढाच फरक. म्हणून ज्यांचा नफा अजून लांब आहे अशा महागड्या शेअर्सना आधी फटका बसतो. कंपनीच्या डोक्यावर कर्ज असेल तर वाढीव व्याजही नफा खातं.

घाबरून सगळं विकू नका. दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे मुदत ठेवीत किंवा अल्प मुदतीच्या रोख्यांत (बाँडमध्ये) ठेवा. दीर्घ मुदतीच्या रोख्यांना सुरक्षित समजू नका, दर वाढले की त्यांचेही भाव चांगलेच पडतात, आणि हे बरेच जण विसरतात.