टीजीएफ-बीटा या पेशींच्या संदेशवाहक प्रथिनामुळे मूत्रपिंडात वण पडत असतील, तर त्यालाच औषधाने का रोखत नाहीत?

रोखता येतो, आणि रोखूनही पाहिले आहे. मूत्रपिंडाचा दाह असलेल्या उंदरांना टीजीएफ-बीटाविरोधी प्रतिपिंडे दिल्यास वण कमी पडतात, हे १९९० मध्येच दिसले होते. मधुमेही रुग्णांवर मात्र असेच प्रतिपिंड नेहमीच्या औषधांच्या जोडीला दिले, तेव्हा मूत्रपिंडाची घसरण मंदावली नाही आणि ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

याचे कारण या रेणूच्या स्वभावातच आहे. पेशी टीजीएफ-बीटा बाहेर सोडतात तो निष्क्रिय रूपात, एका प्रथिनाच्या वेष्टनात बंदिस्त करून. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या इजा झालेल्या पेशींच्या (नलिकापेशींच्या) पृष्ठभागावरील इंटिग्रिन हे पकड घेणारे प्रथिन ते वेष्टन ओढून उघडते, मोकळा झालेला रेणू शेजारच्या पेशीच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतो, आणि पेशीच्या आत स्मॅड-२ व स्मॅड-३ ही प्रथिने फॉस्फेट लागून जागी होतात व स्मॅड-४ ला सोबत घेऊन केंद्रकात शिरतात. तिथे कोलॅजन या वणातील तंतुमय प्रथिनाची जनुके चालू होतातच, शिवाय पीएआय-१ सारखी प्रथिनेही वाढतात, त्यामुळे साचलेले जाळे मोडण्याचे कामही मंदावते. बायोप्सीच्या काचपट्टीवर मॅसन ट्रायक्रोम हे रंजक वापरले, की नलिकांना एकमेकींपासून दूर लोटणारे हे कोलॅजन निळ्या पट्ट्यांसारखे दिसते. (ते तयार करणाऱ्या मायोफायब्रोब्लास्ट पेशी नलिकापेशींपासूनच बनतात असे पूर्वी मानत, कोणती पेशी कोणत्या पेशीपासून बनली याचा उंदरांमध्ये मागोवा घेणाऱ्या प्रयोगांनंतर आता केशवाहिन्यांभोवतीच्या पेरिसाइट आणि स्थानिक फायब्रोब्लास्ट पेशींकडे अधिक बोट दाखवले जाते.)

पण हाच रेणू प्रतिकारशक्तीला आवरही घालतो. टीजीएफ-बीटा-१ चे जनुक नसलेली उंदरांची पिल्ले जन्मल्यानंतर काही आठवड्यांतच अनेक अवयवांच्या तीव्र दाहाने मरतात. त्यामुळे त्याला संपूर्ण शरीरात बंद करणे मला धोक्याचे वाटते. शिवाय पीडीजीएफ, सीटीजीएफ आणि डब्ल्यूएनटी हे संदेशही वण वाढवतात, त्यामुळे एकच वाट अडवून भागेल असे नाही.

म्हणूनच प्रत्यक्ष उपचारात या रेणूला सहसा आडवाटेने गाठले जाते. अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक केवळ रक्तदाब वाढवत नाही, तर मूत्रपिंडातील पेशींकडून टीजीएफ-बीटाही अधिक तयार करवते. त्याचे काम रोखणाऱ्या लोसार्टनसारख्या औषधांचा फायदा रक्तदाब उतरवण्यापुरता मर्यादित न राहण्यामागे हेही एक कारण मानले जाते. टाइप-२ मधुमेहातील मूत्रपिंडविकारात लोसार्टनचा उपयोग २००१ मध्ये मोठ्या चाचणीत दिसला, आणि २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरील औषधाचा उपयोग मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही होतो असे आढळले. ही औषधे पुढची हानी मंदावतात. आधीच पडलेला वण विरघळवणारे औषध मात्र अद्याप उपचारात आलेले नाही, त्यामुळे लघवीत अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन दिसू लागताच उपचार सुरू करण्यावर डॉक्टरांचा भर असतो.