आधी खाली उतर

बाळा,

तुझा निरोप वाचला. गोदामाच्या फाटकातून ट्रक रिव्हर्स घेताना मागचा कोपरा खांबाला घासला, दिवा फुटला, फाळक्याची कडी वाकली. आणि विचारतोस काय, तर आरसे कसे लावू. त्याखाली, जाता जाता लिहावं तसं, आणखी एक वाक्य आहे: खाली उतरून बघायला गेलो की मागचे हॉर्न मारतात आणि जुने ड्रायव्हर हसतात. खरं दुखणं ते दुसरं वाक्य आहे. आरशांचं शेवटी सांगतो.

हसू देत. उतर आणि बघ.

नवीन हात बहुतेक वेळा हमरस्त्यावर चुकत नाही. तो चुकतो माणूस चालतो तेवढ्या वेगात, मागे जाताना. ट्रेलर जरा वाकला की क्लिनर साइडच्या, म्हणजे डावीकडच्या, आरशात फक्त ट्रेलरची बाजू भरून राहते आणि ज्या कोपऱ्याची काळजी तोच आरशातून गायब होतो. गाडीच्या शेपटीला चिकटून उभी राहिलेली मोटार दोन्ही आरशांत दिसत नाही. कॅमेरा आहे म्हणशील. कॅमेरा खालचं दाखवतो, वरची तार किंवा अर्धवट उघडलेल्या शटरची कड दाखवत नाही, आणि पावसात त्याच्या भिंगावर चिखल बसतो. मग ते भिंग पुसायला तरी उतरावं लागतंच ना?

उतरलास की नुसतं मागे जाऊन जागा किती आहे ते बघून परत येऊ नकोस. वर बघ: तार, फांदी, छज्जा, शटर. खाली बघ: खड्डा, गटाराचं झाकण, बंपरपेक्षा बुटका खांब. मग पुढे ये. ही जागा सगळे विसरतात. मागे जाताना स्टेअरिंग फिरवलं की गाडीचं नाक उलट बाजूला बाहेर फेकलं जातं, आणि मागच्या कोपऱ्याकडे डोळे लावून बसलेला ड्रायव्हर पुढचा कोपरा शेजारच्या गाडीत घालतो. पूर्ण फेरी मार, लगेच केबिनमध्ये चढ आणि लगेच गाडी हलव. मध्ये फोन आला, कुणी कागद मागितला, दोन मिनिटं गेली, तर आधी पाहिलेलं बाद. तेवढ्यात मागे हातगाडी येऊन थांबलेली असू शकते. पुन्हा उतर.

हलवताना चारही इंडिकेटर चालू, हॉर्न एकदा, काच खाली, गाणी बंद. रिव्हर्स लावून क्लच सोड आणि गाडी आयडलवरच सरकू दे, ॲक्सिलरेटरला पाय लावू नकोस. जमेल तिथे आपल्या बाजूला वळत मागे जा, म्हणजे खिडकीतून मान काढली की मागचा कोपरा दिसतो. त्यासाठी आवाराला एक जादा फेरी मारावी लागली तरी मार. क्लिनर खाली असेल तर खुणा आधी ठरवून घ्या, निदान ‘थांब’ची तरी एकच खूण ठेवा. तो आरशात दिसेनासा झाला की त्या क्षणी ब्रेक. तो कुठे गेला याचा विचार गाडी थांबल्यावर. आणि तो एकच कोपरा बघत असतो, दुसरा तुझा आहे. अर्ध्यात शंका आली तर थांब आणि परत उतर. पुढे घेऊन पुन्हा मागे लावलीस, तर गाडी आता नव्या रेषेत आहे, मघाचा अंदाज धरून चालू नकोस.

वेळ जातो म्हणतोस. एका फेरीला मिनिटभरही लागत नाही. खांब, दिवा, कडी आणि मालकासमोर उभं राहणं यात असली किती मिनिटं गेली ते तूच मोज.

पोरांना मी भित्रं करतो असं माझ्यामागे बोललं जातं, ते तुझ्याही कानावर येईलच. लोक हसतील या भीतीने जो केबिनमध्ये बसून राहतो, तो मात्र धीट म्हणे! असो.

हे फक्त रिव्हर्सपुरतं नाही. ट्रेलर जोडलास की सगळे पुढे ओढून बघतात, घट्ट लागलं म्हणतात आणि निघतात. ओढून बघायचंच, पण तेवढ्यावर भागत नाही. फिफ्थ व्हीलचा, म्हणजे ट्रेलर ज्या ताटलीवर बसतो तिचा, जबडा नीट मिटला नसेल तरी एखादा हिसका तो सहन करतो आणि पुढे वळणावर किंवा खड्ड्यात सुटतो. बॅटरी घेऊन खाली वाक. ट्रेलरचा तळ आणि फिफ्थ व्हीलची ताटली यांच्यात फट दिसता कामा नये. मागच्या बाजूने आत प्रकाश टाक: जबडा किंगपिनच्या, म्हणजे ट्रेलरखालच्या खुंटीच्या, मानेभोवती पूर्ण मिटलेला हवा, खालच्या जाड टोकावर टेकलेला नव्हे. लॉकचा दांडा आपल्या जागी आत गेलेला हवा. हे पाहिल्याशिवाय ट्रेलरचे पाय वर घेऊ नकोस.

चाकांचंही तसंच. जोडचाकातला आतला टायर हवा जाऊन बसला तर बाहेरचा गाडी तोलून धरतो आणि चालवताना तुला काही कळत नाही. पण एकट्यावर दोघांचा भार आला की तो तापतो, मग फुटतो किंवा पेटतो. टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, दोन्ही टायर ठोक. भरलेल्यावर टॉमी उसळते, बसलेल्यावर भद्द वाजते. ही झाली झटपट पारख, हवेचा खरा आकडा गेजवरच, तोही टायर थंड असताना. दोन टायरांमध्ये दगड अडकलाय का तेही तेव्हाच बघ. नटापासून बाहेर पसरलेली गंजाची रेघ दिसली, किंवा नटाभोवती घासून चकाकणारी कडी दिसली, तर नट हलतोय. चाक बदललं असेल तर 50 ते 100 किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळायचे, कारण नवीन बसलेलं चाक थोडं चालल्यावर बैठक घेतं आणि नटांचा ताण उतरतो. मालही तसाच दबतो. आवळलेले पट्टे पहिल्या 80 किलोमीटरच्या आत सैल पडलेत का ते बघ, पुढे दर तीन तासांनी.

ब्रेकच्या हवेची तपासणी बसल्या जागी होते. चाकांना ठोकळे लाव, टाक्या भरू दे, इंजिन बंद, हँडब्रेक मोकळा, ब्रेक पेडल दाबून एक मिनिट धर. साध्या ट्रकला हवेच्या दाबाचा काटा 3 पीएसआयपेक्षा जास्त उतरू नये, ट्रेलर असेल तर 4. जास्त उतरला तर पेडल दाबून ठेवायला दुसऱ्याला बसव, स्वतः खाली जाऊन फुसफुस कुठे होते ते ऐक. मग पेडल दाब-सोड करत हवा उतरव. काटा 60 पीएसआयच्या खाली जायच्या आत हवा कमी झाल्याचा दिवा किंवा भोंगा लागला पाहिजे. नाही लागला तर गाडी जागची हलवायची नाही.

चालत्या गाडीतून उतरता येत नाही, म्हणून तिथे अंतर ठेवायचं. हिशोब सोपा: गाडीच्या दर 3 मीटर लांबीला एक सेकंद, आणि वेग ताशी 65 किलोमीटरच्या वर असेल तर आणखी एक. बारा मीटरची गाडी 80 ने चालली असेल तर पाच सेकंद, म्हणजे सुमारे 110 मीटर. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी आली की आपण तिथे पोचेपर्यंत मोज. मध्ये मोटार घुसते, ही सगळ्यांची तक्रार असते. घुसू दे, पाय जरा उचल आणि अंतर पुन्हा तयार कर. एअर ब्रेक पेडल दाबल्यापासून चाकाला लागेपर्यंत साधारण अर्धा सेकंद खातो, 80 ला ते 11 मीटर झाले, आणि तुझी स्वतःची दचक त्यात धरलेली नाही.

घाट उतरण्याआधी मात्र माथ्यावर थांबता येतं. तिथे थांब, उतर आणि बघ. तळहाताची मागची बाजू चाकाच्या हबजवळ, म्हणजे मधल्या भागाजवळ, ने, टेकवू नकोस. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर तिथला ब्रेक चिकटतोय. गियर उतार लागायच्या आधी खालचा टाक, उताराला लागल्यावर तो पडेलच याची खात्री नाही. न्यूट्रल कधीच नाही. वेग धरायचं काम इंजिनचं आणि एक्झॉस्ट ब्रेकचं, म्हणजे धुराची वाट अडवून गाडी रोखणाऱ्या ब्रेकचं. पायाचा ब्रेक सतत टेकवून ठेवलास तर चाकातला ब्रेकचा ड्रम तापतो, तापून फुगतो, त्याला आतून घासणाऱ्या लायनिंगची पकड जाते आणि पेडल दाबूनही गाडी ऐकत नाही. ठरवलेला वेग 40 असेल तर 40 ला पोचल्यावर ठाम दाब, 32 वर आण, पूर्ण सोड.

पुलाखालची उंची पाटीवर वाच आणि आपल्या गाडीची उंची केबिनमध्ये लिहून ठेव. भरलेली गाडी ज्या पुलाखालून सुटली, त्याच्याच खाली परतताना रिकामी अडकू शकते, कारण भार उतरला की पाटे, म्हणजे खालच्या स्प्रिंगा, वर येतात.

आता आरसे. सपाट जागेवर गाडी सरळ उभी कर. मोठ्या आरशाच्या आतल्या कडेला बॉडीची फक्त बारीक पट्टी दिसावी, क्षितिज साधारण मध्यावर. खालच्या फुगीर आरशात मागचं चाक जमिनीला टेकतं ती जागा दिसावी. मग क्लिनरला गाडीभोवती हळूहळू चालायला सांग आणि तो जिथे जिथे नाहीसा होतो तिथे खडूने खूण करायला लाव. हँडब्रेक ओढ, हवा सुटल्याचा आवाज ऐक, केबिनकडे तोंड करून दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात टेकलेला ठेवत खाली ये, उडी मारू नकोस. खाली येऊन त्या खुणांकडे बघ.

नवा दिवा बसवलास तो ब्रेक दाबल्यावर लागतो का, ते आज रात्रीच गाडीची पाठ भिंतीजवळ लावून तपास. भिंतीवर पडणारा लाल उजेड आरशात दिसतो. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या नाहीत तर काय करायचं ते तुला माहीत आहे.