संध्याकाळ सुधारायची असेल तर आधी साडेपाचला काहीतरी खा

तुम्ही विचारलंय की ऑफिसातून घरी आल्यावर झोपेपर्यंत काहीच धड होत नाही, फोन बघण्यातच एक वाजतो आणि सकाळी डोकं जड, तर संध्याकाळी कोणत्या साध्या सवयी लावाव्यात. मी डॉक्टर वगैरे नाही, डोंबिवलीचा साधा नोकरदार माणूस आहे, वय ४७, ऑफिस फोर्टला. पण तुम्ही लिहिलंय ते वाचून मला माझीच तीन वर्षांपूर्वीची रात्र दिसली म्हणून लिहितोय.

तेव्हा माझं कसं होतं सांगतो. सीएसएमटीहून फास्ट मिळाली तरी डोंबिवलीला तास-सव्वा तास, तोही उभ्याने, घरी पोचेपर्यंत सव्वाआठ. पोटात कावळे ओरडतायत. बूट काढायच्या आधी मी किचनमध्ये, ओट्यापाशी उभं राहून फरसाणचा डबा उघडायचा आणि मुठी भरायच्या, एक, दोन, चार, मोजतंय कोण. मग भूक मेली म्हणून जेवण दहाला, जेवण जड झालं म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून हातात फोन, आणि पावणेसहाला अलार्म. २०२२ साली ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी) निघालं ६.१. डॉक्टर म्हणाले ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबिटीस, ६.५ किंवा त्याच्या वर गेलात की डायबिटीस, म्हणजे पाहुणा अजून घरात आला नाहीये पण दारात चप्पल काढतोय.

मग मी पण तुमच्यासारखंच शोधलं, मेडिटेशनचं ॲप घेतलं, डायरी आणली, जिमचे सहा महिन्यांचे पैसे भरले. जिमला बारा वेळा गेलो असेन. डायरीत दोन पानं लिहून झाली, तिसऱ्या पानावर आता दूधवाल्याचा हिशोब आहे.

खरी गोष्ट आमच्या हिच्या लक्षात आली. ती म्हणाली, तुमची संध्याकाळ घरी येऊन बिघडत नाही, ती बिघडूनच घरी येते. झालं असं होतं की दुपारी एकला डबा खाल्ला की थेट सव्वाआठपर्यंत मी फक्त चहावर, फार तर स्टेशनबाहेरचा वडापाव. सात तास उपाशी माणसाने घरी येऊन शहाण्यासारखं वागावं ही अपेक्षाच चूक आहे. तर तिने एक छोटी डबी द्यायला सुरुवात केली, भाजलेले चणे आणि शेंगदाणे, कधी उकडलेलं अंडं, कधी एखादं केळं. साडेपाचला ऑफिसातच खायचं. एवढंच. आणि खरं सांगतो बाकीच्या सगळ्या सवयी ह्या एका डबीच्या मागून आल्या, कारण घरी आल्यावर फरसाणकडे हात गेला नाही, जेवण साडेआठ-पावणेनऊला झालं आणि रात्र अचानक दीड तासाने लांब झाली. इतका वेळ आपल्याकडे होता हेच माहीत नव्हतं!

चहाचं पण त्याच वेळी बघा. मी सहाचा चहा सोडला, चारचा शेवटचा. कॅफिन अर्धं अंगातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं अकरालाही आत असतं. कटिंग असेल तर कमी, पण आमच्या ऑफिसात कटिंग म्हणजे एकामागून एक तीन.

जेवण झालं की शतपावली. आमची आई (वय ७४) आयुष्यभर सांगत आली आणि मी आयुष्यभर हो हो करत आलो. आता आम्ही दोघं नवरा-बायको बिल्डिंगच्या खाली पंधरा-वीस मिनिटं फिरतो, फोन वर ठेवून. स्पीड वगैरे काही नाही, गप्पा मारत, मध्येच कुत्र्याला बिस्कीट, मध्येच तळमजल्यावरच्या काकांची गुडघेदुखी. जेवल्यावर पायाचे स्नायू चालले की ते रक्तातली साखर वापरतात त्यामुळे ती एकदम चढत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं. पण मला विचाराल तर साखरेपेक्षा मोठा फायदा असा की लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर आम्ही परत एकमेकांशी शाळेची फी आणि गॅस सिलेंडर सोडून दुसऱ्या विषयांवर बोलायला लागलो.

आता माझी सगळ्यात आवडती सवय, हसू नका, भाजी निवडणे. वरती आलो की दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी मी निवडतो. खाली वर्तमानपत्र पसरायचं, मेथीची जुडी सोडायची आणि बसायचं. मेथीला घाई चालत नाही, एकेक काडी हातात घेऊन पानं खुडायची, कोवळा देठ ठेवायचा, जाड टाकायचा, पिवळं पान बाजूला. हात ओले, मातीचे, त्यामुळे फोन धरताच येत नाही, तो कितीही वाजू दे. एका जुडीला वीस मिनिटं लागतात मला, हिला आठ. मुलगी दहावीला आहे, एरवी खोलीतून बाहेर येत नाही, पण मी गवार घेऊन बसलो की येऊन शेजारी बसते, शिरा काढते आणि वर्गातलं काय काय सांगते. समोर बसवून विचारलं असतं तर त्यातलं एक अक्षर सांगितलं नसतं. मेडिटेशन ॲपने जे झालं नाही ते गवारीने केलं. सकाळची घाई कमी होते ते वेगळंच.

फोनचं म्हणाल तर मनोनिग्रह वगैरे माझ्याच्याने होत नाही. मी अडीचशे रुपयांचं अलार्मचं घड्याळ आणलं आणि फोन हॉलमध्ये चपलांच्या कपाटावर चार्जिंगला. पहिला आठवडा रात्री उशीखाली हात चाचपडायचा. ऑफिसच्या ग्रुपवर रात्री अकराला मेसेज टाकणारे एक साहेब होते, त्यांना मी सकाळी सहाला उत्तर द्यायला लागलो. महिन्याभरात त्यांचे अकराचे मेसेज बंद झाले. आणि दहानंतर ट्यूबलाइट बंद, फक्त एक पिवळा बल्ब, कारण लख्ख उजेड डोळ्यात जात राहिला की झोपेचं मेलाटोनिन उशिरा तयार होतं.

कधीतरी आई पायाला काशाची वाटी घासून देते, खोबरेल तेल लावून. तळवे काळे होतात ते बघून ती म्हणते बघ किती उष्णता निघाली. ती उष्णता नाही, वाटीचा धातू तेलाबरोबर घासून काळं येतं ते, पण मी वाद घालत नाही कारण दहा मिनिटांत मी घोरत असतो.

घोरण्यावरून आठवलं, खूप जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसभर पेंग असं तुमचं असेल, किंवा महिनोन्महिने झोपच नसेल, तर ह्या सवयींच्या नादी लागू नका, सरळ डॉक्टर गाठा.

आणि हे सगळं रोज होतं असं समजू नका. २९ जून २०२४ ला वर्ल्ड कप जिंकला तेव्हा आम्ही अख्खी बिल्डिंग दीडपर्यंत खाली होतो. नवरात्रात, लग्नात, मेगाब्लॉकच्या रविवारी सगळं बोंबलतं. आठवड्यातले चार दिवस जमले की मी खूश. वर्षभराने एचबीए१सी ५.८ आलं, त्यात भात कमी केल्याचाही हात असेल, सगळं श्रेय शतपावलीला देत नाही.

तुम्ही एकदम पाच सवयी लावायला जाऊ नका, पहिले दोन आठवडे फक्त साडेपाचची डबी करा. आणि त्यात फरसाण भरू नका, मी पहिल्या दिवशी तेच केलं होतं.